आईबाप कारखान्यावर, पोरं गावात: आमचं रासेयो शिबिर

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं तेव्हा माझा हेतू फार उदात्त वगैरे नव्हता. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं एक विशेष शिबिर पूर्ण केलं की प्रमाणपत्र मिळतं, ते पुढे कुठेतरी कामाला येतं, एवढंच डोक्यात होतं. पहिल्या वर्षाचे १२० तास वृक्षारोपण, परिसर स्वच्छता आणि मतदार जागृतीच्या फेऱ्यांत निघून गेले. शिबिर दुसऱ्या वर्षी आलं, दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज झाल्यावर. गाव बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगरात. गट पाडले तेव्हा माझ्या वाट्याला ‘बाल उपक्रम’ आला.

बाकीच्या गटांचं ठरलेलं असतं. श्रमदानवाल्यांना टिकाव-खोरं, सर्वेक्षणवाल्यांना फॉर्म, भोजन गटाला पहाटे चारचा गजर. मुलांच्या गटाला मात्र ‘काहीतरी मजेशीर घ्या’ म्हणून मोकळं सोडतात. आम्ही यादी केली: चित्रकला स्पर्धा, संगीत खुर्ची, विज्ञानाचे सोपे प्रयोग, आईवडिलांना पोस्टकार्ड. वेळ सकाळी दहा ते बारा, कारण तेव्हा बाकीचे बंधाऱ्यावर असणार आणि शाळेच्या खोल्या रिकाम्या.

मग पूर्वभेट झाली. शिबिराला पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी हेच सांगते, की काहीही करून पूर्वभेटीच्या गाडीत बसा. शिबिर तिथेच ठरतं, नंतरचे सात दिवस नुसती अंमलबजावणी असते. आमच्या सरांना, म्हणजे कार्यक्रम अधिकाऱ्यांना, तिथे वेगळीच कामं होती. ग्रामपंचायतीचं पत्र, सुट्टीत शाळेच्या खोल्या वापरायची परवानगी, मुली कुठे झोपणार, संडासाला पाणी आहे का, प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब. मी आमची यादी घेऊन मुख्याध्यापकांपुढे बसले. त्यांनी ती नीट वाचली आणि विचारलं, “दहा वाजता पोरं कुठनं आणणार?”

“सुट्टी आहे ना, सर.”

“सुट्टी आहे म्हणूनच विचारतो. कापूस कोण वेचणार?”

मग त्यांनी गावाचं वर्षच मांडून दाखवलं. दसरा झाला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघायला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, ती फेडायला दोघं जण पाच-सहा महिने ऊसतोडीला, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. काही मुलं बरोबर जातात, बरीचशी आजी-आजोबांकडे राहतात. शाळेतच हंगामी वसतिगृह चालतं, म्हणजे जेवण शाळेत आणि झोप आजीकडे. सुट्टीत हीच मुलं कापसाला जातात, शेरडं वळतात, धाकट्याला काखेत घेऊन फिरतात. “संध्याकाळी जेवायला येतात, तेव्हा धरा,” मुख्याध्यापक म्हणाले.

पोस्टकार्डांचा बेतही तिथेच मोडला. पत्ता काय लिहिणार? उसाच्या ज्या फडात तोड, त्याच्या आसपास कोपी, म्हणजे मजुरांची झोपडी. आठवड्याने टोळी पुढे सरकली की पत्ता बदलला. स्पर्धा अंगणवाडीच्या ताईंनी बाद केली. बक्षीस ठेवलं की दोघं-तिघं चुणचुणीत पोरं पुढे येतात आणि बाकीची भिंतीला टेकून बसतात, असा त्यांचा अनुभव. ‘माझे कुटुंब’ हा विषय तर चित्रालासुद्धा देऊ नका, असं त्यांनी बजावलं. यादीतले विज्ञानाचे प्रयोग तेवढे शाबूत राहिले.

परतीच्या गाडीत सरांनी त्यांचे नियम सांगितले. मुलांबरोबर स्वयंसेवक कायम दोघं, त्यात एक मुलगी. फोटो काढायचा तर आधी शाळेला आणि घरच्या मोठ्या माणसाला विचारून, आणि कोणत्याही मुलाचा चेहरा स्टेटसला नाही. वाटप नाही. हा शेवटचा नियम आमच्यातल्या काहींना टोचला. मला तो सगळ्यात पटला. एक बिस्किटपुडा, तो धरलेले चार हात आणि मागे बॅनर, अशा फोटोंची मला आधीपासूनच चीड आहे.

प्रत्यक्ष शिबिरात दिवस असा जायचा: पहाटे प्रभातफेरी, मग सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून ओढ्यावर वनराई बंधारा, दुपारी बौद्धिक सत्र. उद्घाटनाच्या भाषणात गांधी जन्मशताब्दी, २४ सप्टेंबर १९६९ आणि ‘माझ्यासाठी नव्हे, तर तुमच्यासाठी’ हे सगळं येऊन गेलं. मागच्या रांगेत डुलक्याही येऊन गेल्या. आमचं काम दिवे लागले की सुरू व्हायचं. दिवे लागले तर.

पहिल्या संध्याकाळी मुलं आली ती थेट शेतातून. वाळलेल्या बोंडाची टोकं लागून बोटांच्या पेरांवर बारीक ओरखडे होते. एका मुलीने खडू घेतला तो टोकाशी न धरता मुठीत धरला. नाव विचारलं की सगळी एका सुरात ओरडायची, काम सांगितलं की लाजायची. अशा वेळी गाणी-बिणी घेण्यात अर्थ नसतो. त्यांनाही आणि आम्हालाही बसून करता येईल असं काहीतरी हवं होतं.

आमच्या गटात भूगोलाचा एक मित्र होता. त्याने शाळेच्या पडवीत खडूने महाराष्ट्राचा नकाशा काढला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. प्रमाणही साधं ठेवलं: एक वीत म्हणजे पन्नास किलोमीटर. आपल्या गावाच्या जागी ठिपका दिला आणि मुलांना खडे आणायला सांगितले. ज्याचे आईवडील जिथे, तिथे त्याने खडा ठेवायचा.

“कुठं गेलेत मम्मी-पप्पा?”

“कारखान्याला.”

“कुठल्या?”

कारखान्याचं नाव बहुतेकांना तोंडपाठ होतं, जिल्हा मात्र कुणालाच सांगता येईना. तेव्हा मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांनी सूत्रं हातात घेतली. नातवंडांना न्यायला आलेली ही माणसं, आयुष्यभर हेच करून थकलेली. “कऱ्हाडच्या पल्याड ठिव.” “आरं, तितं नदी हाय, तिच्या अलीकडं.” एका आजोबांनी काठीने नकाशावरचं आमचं सोलापूर चुकल्याचं दाखवलं, आणि ते खरंच चुकलं होतं. बघता बघता कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात खड्यांचा ढीग झाला आणि सगळा मराठवाडा मोकळा.

चौथीतला एक मुलगा रेषेच्या बाहेर, कोऱ्या फरशीवर खडा ठेवून उभा राहिला. कर्नाटक. आम्ही ते काढलंच नव्हतं. आम्ही हलायच्या आत त्यानेच खडू उचलला आणि बेळगावच्या बाजूने स्वतःची हद्द ओढून घेतली. मग विती मोजणं सुरू झालं. गावापासून कोल्हापूर सहा विती. सहा गुणिले पन्नास, तीनशे. हा गुणाकार फळ्यावर कुणी केला असता की नाही, शंका आहे. “पन ही सरळ रेघ हाय, ताई. यष्टी वळून जाती,” हेही लगेच कुणीतरी सुनावलं.

पोस्टकार्डांच्या जागी आम्ही आवाजाचे निरोप ठेवले होते. नंबर मिळवणं हेच मोठं काम. काही आज्यांकडे वहीच्या पानावर लिहिलेले होते, काही टोळ्यांचे मुकादमाच्या फोनवरच. दुसरीतल्या एका मुलीने माझा मोबाइल कानाला लावला आणि नुसतं “हॅलो, हॅलो” करत राहिली. समोरून कुणी बोलणार नाही, आपणच बोलायचं, हे तिला पटेना. शेवटी पाठ करून धरलेलं एका दमात सांगितलं, “मम्मी, शेळी व्याली. एक बोकड अन् एक पाट हाय.” उत्तर रात्री साडेअकराला आलं. मागे ट्रॅक्टरचा आवाज, आणि घाईत एकच वाक्य: “आज्जीला म्हनाव बोकड इकू नको, मी आल्याबिगर.” सकाळी मी तिला ते ऐकवलं. तिने तीनदा ऐकलं आणि आजीला बोलवायला पळाली. बोकडाच्या गिऱ्हाइकाशी बोलणी आधीच सुरू होती, हे नंतर कळलं.

सगळं असं जुळून आलं नाही. सातवी-आठवीतली मुलं शेवटपर्यंत फिरकली नाहीत. ती किलोवर कापूस वेचायला जायची आणि संध्याकाळी त्यांना आमच्या नकाशापेक्षा पारावर बसणं बरं वाटायचं. त्यात मला काही गैरही वाटत नाही. दोनदा वीज गेली, तेव्हा प्रयोग बाजूला ठेवून मोबाइलच्या उजेडात भिंतीवर सावल्यांचे प्राणी केले. तो कार्यक्रम नकाशाच्या खालोखाल गाजला.

दुपारच्या वेळात सर्वेक्षण गटाबरोबर बसून आम्ही आणखी एक काम केलं. कोणती मुलं टोळीबरोबर गेली, कितवीतली, कोणत्या कारखान्याकडे, याची घरोघर फिरून यादी. अशा मुलांना तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड असतं. ते कुणी नेलं, कुणाचं राहिलं, हे त्या यादीवरून मुख्याध्यापकांना ताडून बघता आलं. चौथी झालेल्यांच्या घरी आम्ही संत भगवानबाबा वसतिगृह योजनेचीही माहिती दिली. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीची ही सरकारी योजना २०२१ सालची, पण बऱ्याच घरांत तिचं नाव पहिल्यांदाच ऐकलं गेलं. शिबिराच्या अहवालात या कामासाठी वेगळा रकाना नव्हता. ‘इतर’मध्ये लिहिलं.

यंदाच्या तुकडीसाठी सरांनी सूचना मागवल्या, तेव्हा मी एकच लिहून दिली. पूर्वभेट दसऱ्याच्या आधी ठेवा. टोळ्या निघायच्या आत घरोघर गेलं तर फोन नंबर आईबापांकडूनच घेता येतील, आणि निरोप पाठवायला, फोटो काढायला चालेल का, हेही त्यांनाच विचारता येईल. सरांनी तारीख टाकली आहे. गाडीचं अजून ठरायचंय.