मोटारीचं बिल कुणाच्या खोलीत?

सिंहगड रोडच्या आतल्या गल्लीतलं ते दुमजली घर. वर मालकीणकाकू, खाली-वर मिळून चार भाडेकरू, महावितरणचा मीटर एकच. बाकी सगळे सबमीटर, म्हणजे कुणी किती वीज जाळली ते मोजायला घरातच लावलेले. काकूंचा फोन आला, ‘‘खालचा मुलगा भाडं अडवून बसलाय. म्हणतो मीटर पळतो. बघून जा रे.’’

तो मुलगा चाकणला रात्रपाळीला. खोलीत एक पंखा, एक ट्यूब, मोबाइलचा चार्जर. फ्रिजसुद्धा नाही. आणि सबमीटरवर महिन्याला नव्वदच्या आसपास युनिट. तक्रार खरी वाटली.

असल्या वेळी मीटर बदलायची घाई करू नये. त्याच्या खोलीतला मेन स्विच पाडला. मीटरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला. म्हणजे मीटर धड होता. मी पक्कड पिशवीत टाकतोय, तेवढ्यात वरून काकूंनी पाण्याची मोटार लावली आणि दिवा धडाधड लुकलुकू लागला. मेन तर बंदच!

कधीतरी कुणा वायरमननं मोटारीची वायर सगळ्यात जवळच्या, म्हणजे ह्याच सबमीटरमधून ओढली होती. जिन्यातला दिवाही त्यातच. एक एचपीची मोटार तास-दीड तास चालली की दिवसाला एखाद-दीड युनिट सहज. पाच घरांचं पाणी हा एकटा चढवत होता. काकूंना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून माझी तरी खात्री पटली.

शिवाय वीजदराच्या स्लॅबची, म्हणजे टप्प्यांची, गोष्ट वेगळीच. घरटी नव्वद युनिट धरा, पाच घरांचे साडेचारशे. वेगळे मीटर असते तर प्रत्येकजण शंभराच्या आतल्या स्वस्त दरात बसला असता. एका मीटरवर पहिली शंभरच स्वस्त, पुढची दोनशे महाग, तीनशेच्या वरची त्याहून महाग. काकू एक पैसा खात नव्हत्या, तरी भाडेकरूंना दर चढाच पडायचा. आणि संशय अर्थात मालकिणीवर.

‘‘काकू, प्रत्येकाला वेगळा मीटर घेऊ द्या.’’

‘‘भाडेकरूच्या नावावर? उद्या खोलीवर हक्क सांगितला म्हणजे?’’

ही भीती पुण्यात घरोघरी. मी वाद घातला नाही. मोटार आणि जिन्याला मिळून वेगळा सबमीटर बसवला. त्याचे पैसे माणशी वाटावेत असं माझं मत. काकूंनी घरटी ठरवले, म्हणजे एकटा राहणारा पुन्हा तोट्यातच. खालच्या मुलाचे आजवर जादा गेलेले पैसे तेवढे भाड्यातून वळते करायला त्या तयार झाल्या.

माझी मजुरीही त्यांनी पाच घरांत वाटली. खालच्या मुलानं द्यायला साफ नकार दिला.