दोन बॅटऱ्या, बस!

उद्या हरिश्चंद्रगड. संध्याकाळी घरातल्या सगळ्या बॅटऱ्या जमिनीवर मांडल्या तर आई म्हणाली, "दुकान टाकतोयस का?" तासभर घोळ घालून दोनच निवडल्या.

पहिला हेडलॅम्प. पाचनईच्या वाटेने अंधारात चढताना, तंबूच्या खुंट्या ठोकताना दोन्ही हात मोकळे लागतात. इथे तडजोड नाही. चालायला शंभर-दीडशे ल्युमेन (उजेडाचं माप) भरपूर झाले. हजारवाल्या छोट्या बॅटऱ्या काही मिनिटांत तापतात आणि आपोआप मंद होतात, हे खोक्यावर मोठ्या अक्षरात कुणी छापत नाही! लाल दिवा मात्र हवाच. अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत आणि शेजारी झोपलेल्यांच्या शिव्याही खाव्या लागत नाहीत.

दुसरी खिशातली, साध्या पेन्सिल सेलवरची. हा सेल पायथ्याच्या किराणा दुकानातही मिळतो.

तंबूतला कंदील बाद. पाण्याने भरलेल्या बाटलीला हेडलॅम्प उलटा बांधायचा, दिवा आतल्या बाजूला. पत्ते खेळण्यापुरता उजेड होतो. मोबाईलचा उजेड मी हिशोबातच धरत नाही, चार्जिंग फोनसाठी राखायचं.

हीच जोडी विमानप्रवासालाही चालते. सुटे लिथियम सेल तेवढे केबिन बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाहीत.