शेजारची सीट रिकामी असताना

सर गॅरेजात आले तेव्हा आधी त्यांनी वही पुढे केली, गाडीची किल्ली नंतर. शंभर पानी वही, वर सुवाच्य अक्षरात ‘पद्मिनी : आवाज’ असं लिहिलेलं. आत तारखा, रस्ते, वेळ, गाडीत कोण होतं, पाऊस होता की ऊन. निवृत्त मुख्याध्यापक माणूस. गाडी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, मोतिया रंगाची, त्यांच्या वडिलांनी नवी घेतलेली.

“डाव्या चाकाकडून आवाज येतो. स्पीडब्रेकरवरून चाक खाली उतरलं की,” ते म्हणाले. “दोन ठिकाणी दाखवली. दोन्ही शॉकअप बदलले, डावा किंगपिन बदलला, टायरॉड एंड बदलले, चाकाचं बेअरिंगही बदललं. आवाज तसाच. आता म्हणतात, सर, तुम्हालाच ऐकू येतो. तुम्हीपण तसंच म्हणालात तर गाडी विकून टाकतो.”

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोनेटवर हात ठेवून म्हटलं. त्या हाताकडे बघून मी बाकीची कामं दुपारवर ढकलली.

साताऱ्यात माझं गॅरेज आहे तेवीस वर्षं. जुन्या गाड्यांचं काम मी मुंबईत शिकलो, एका वस्तादांच्या हाताखाली, आणि तिथे जुनी गाडी म्हणजे टॅक्सी, टॅक्सी म्हणजे पद्मिनी. ही गाडी कुर्ल्याला बनायची. आधी फियाट ११००, मग प्रीमियर प्रेसिडेंट, मग पद्मिनी. नावं बदलली, पण १०८९ सीसीचं इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन साधारण तेच राहिलं. पुढे दोन्ही बाजूंना चाक धरून ठेवणारे वरखाली दोन आर्म, मध्ये कॉइल स्प्रिंग, मागे कमानपाटे. वस्ताद म्हणायचे, पद्मिनी बोलते, पण एका वेळी एकच गोष्ट बोलते. ऐकणाऱ्यानं मध्ये बोलू नये. म्हणून माझ्याकडे ट्रायलला निघाल्यावर रेडिओ आणि फोन बंद असतो, आणि पोरांना सांगून ठेवलंय की आवाज ऐकायच्या आधी पान्याला हात लावायचा नाही.

सर शेजारी बसले, मी चालवायला. पोवई नाक्यापासून गावात एक चक्कर मारली. पाच स्पीडब्रेकर, दोन खड्डे. काहीच नाही. रबर जरासं कुरकुरलं, तेवढंच. सरांचा चेहरा उतरला. “आत्ता नाही येत आहे,” ते हळूच म्हणाले. वर्गात खोटा ठरलेल्या पोराचा आवाज असतो ना, तसा.

परत आल्यावर गाडी उचलली. इथे एक गोष्ट सांगतो, कारण यात हमखास चूक होते. या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते. जॅक बॉडीखाली लावला की चाक लोंबतं, स्प्रिंग आर्मला खाली रेटून धरते आणि झिजलेला सांधासुद्धा घट्ट लागतो. म्हणून जॅक आर्मखाली लावायचा, म्हणजे सांध्यांवरचा ताण जातो आणि सांध्यातला खेळ, म्हणजे सैलपणा, हाताला कळतो. चाक वर-खाली धरून हलवलं. थोडं हललं तर पोराला ब्रेक दाबायला सांगायचं: ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही हललं तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो खिळा. इथे हललंच नाही. आडवं धरून हलवलं, स्टीअरिंगचे टायरॉडही चांगले. सगळं नवं होतं, घट्ट होतं. आधीच्या लोकांनी घातलेले पार्ट खोटे नव्हते. फक्त दुखणं तिथे नव्हतं.

मग मी चहा मागवला आणि वही वाचायला घेतली.

पंधरा-सोळा पानं भरली होती. १२ तारीख, सकाळ, बँकेत, एकटा, आवाज आला. १५, संध्याकाळ, भाजी मंडई, सौ. सोबत, नाही. १९, पाऊस, एकटा, तीनदा आला. २३, लग्नाला, चौघं, नाही. मी बोटानं रकाना धरून खाली खाली येत गेलो. पावसाचा संबंध नव्हता, इंजिन गरम-गार असण्याचा नव्हता. पण शेजारच्या सीटवर कोणी बसलं असेल त्या एकाही दिवशी आवाज नव्हता. सरांनी सगळं लिहून ठेवलं होतं, फक्त त्या रकान्याकडे त्यांनी तसं पाहिलं नव्हतं.

आणि दोन्ही गॅरेजवाल्यांनी ट्रायल घेतली तेव्हा डावीकडे कोण बसलं होतं? सर स्वतः. मीही तेच केलं होतं.

“सर, तुम्ही चहा प्या. मी एकटा जाऊन येतो.”

या वेळी बोगद्याकडे गेलो. सज्जनगडच्या रस्त्यावरचा तो बोगदा अरुंद आहे, भिंत डावीकडे अगदी जवळ येते. काच खाली घेऊन भिंतीलगत गाडी चालवली की चाकाचा आवाज भिंतीवर आपटून सरळ कानात येतो. गाडीत बसून एरवी जो पत्र्यातून फिरून येतो, तो नाही. या गाडीला वेगळी चासी नाही, बॉडी एकसंध आहे, त्यामुळे डावीकडचा आवाज कधी डॅशबोर्डखाली वाटतो, कधी पायाशी. बोगद्याच्या आधी रस्ता उखडलेला होता. चाक उतरलं आणि आवाज आला.

टण्ण.

ठक नव्हे, धप नव्हे. फाटलेलं रबर कधी टण्ण करत नाही, त्याचा आवाज बोथट असतो. शॉकअपचा बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, गेला तर बारीक खडखड होते, एकामागून एक. हा एकच होता, धातूचा, मागे जरा गुंजणारा. मी गाडी मागे घेऊन चार वेळा तिथूनच गेलो. चारही वेळा टण्ण, आणि चारही वेळा चाक खाली पडताना, वर चढताना नाही. म्हणजे स्प्रिंग सैल होते त्या क्षणाला. गाडी वळवताना माझे हात जरा थरथरत होते, कारण आता कुठे बघायचं ते कळलं होतं आणि तिथे काय असेल त्याचाही अंदाज येत होता.

गॅरेजात गाडी सपाट फरशीवर लावली, चारही टायरची हवा सारखी केली. टेपनं चाकाच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजलं. डावी बाजू चौदा मिलिमीटर खाली. जुनी गाडी एका बाजूला बसते ती बहुतेक उजवीकडे, कारण चालवणारा रोज तिथे बसतो. सर तर बरेचदा एकटेच फिरत. त्यांची गाडी डावीकडे बसायला काही कारणच नव्हतं.

गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात उतरलो. स्प्रिंगचं खालचं टोक आर्मच्या वाटीत बसतं, आणि त्या वाटीत वर्षानुवर्षांचा चिखल साठतो. उजव्या वाटीत चिखल खरवडल्यावर तारेचं टोक आपल्या जागी टेकलेलं दिसलं. डावीकडे स्क्रू ड्रायव्हरनं माती काढली, पाणी मारलं, तारेचा ब्रश फिरवला. वेढ्यावरून बोट फिरवत गेलो तर बोट एका जागी अडकलं. केसाएवढी फट. शेवटचा वेढा तुटला होता, आणि तुटलेला वीतभर तुकडा वाटीत तसाच दाबून बसला होता.

आता सगळं जुळलं. शेजारी माणूस बसला की डावी स्प्रिंग दबते आणि तुकडा चेपून राहतो. सीट रिकामी असली की ती बाजू हलकी. चाक खाली पडलं की स्प्रिंग ताणते, दोन्ही टोकं क्षणभर सुटतात आणि परत एकमेकांवर बसतात. गाडी जॅकवर असताना कोणी ती फट शोधायला जातच नाही, सगळे सांधे हलवत बसतात.

मी सरांना खाली बोलावलं. सत्तरीचा माणूस, पांढरा शर्ट, पण खड्ड्यात उतरले. त्यांचं बोट धरून त्या फटीवर ठेवलं. ते काही बोलले नाहीत. बोट बराच वेळ तिथेच होतं.

स्प्रिंग काढणं हे मी पोरांवर सोडत नाही. दबलेल्या स्प्रिंगमध्ये इतकी ताकद असते की सुटली तर हात राहत नाही. स्प्रिंग दाबून धरायचा कॉम्प्रेसर लावला, वर साखळी गुंडाळली, आर्मखाली जॅक ठेवून एकेक इंच खाली घेतला. तुकडा हातात आला तेव्हा तुटलेली जागा उजेडात धरली. कडेला गंजानं काळा पडलेला भाग, म्हणजे चीर जुनी होती, ओल तिथूनच आत गेली. आणि मध्ये चंद्रकोरीसारखा भाग घासून घासून कवडीसारखा गुळगुळीत झालेला. आठ-दहा महिने ही दोन टोकं एकमेकांवर घासत होती. वाटीतून स्प्रिंग सरकली असती तर ती बाजू एकदम खाली बसली असती, आणि सर दिवाळीत मुलीकडे जाताना घाटात असते.

नवी जोडी मुंबईहून मागवली, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून. या गाडीचं सामान आता जपून घ्यावं लागतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर दुकानदार सामान ठेवत. पहिली आलेली जोडी मी परत पाठवली. दोन्ही स्प्रिंगा उभ्या ठेवल्या तर एक सात मिलिमीटर उंच, तारेची जाडीही वेगळी. एकच बदलून भागेल का, असं सरांनी विचारलं. नाही भागत. नवी एका बाजूला आणि चाळीस वर्षं दबलेली दुसऱ्या बाजूला, म्हणजे गाडी कायमची वाकडी.

आर्म खाली घेतला तेव्हा आतले रबरी बुशही एका बाजूला फाटलेले निघाले. मागच्या वेळी गाडी उचलून घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, असताना बोल्ट आवळले असणार. चाक लोंबत असताना आवळलं की गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलं राहतं आणि फाटतं. बोल्ट आधी हातानं लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, पुढे दाबून दोन-चारदा हलवायची आणि मगच घट्ट करायचे. आम्ही तसंच केलं, तेही खड्ड्यात झोपून, अंगावर गाडीचं वजन असल्यासारखं वाटत असताना. मग मोजलं. दोन्ही बाजू सारख्या.

सरांना म्हटलं, आता तुम्ही एकटे जा. ते बोगद्यापर्यंत जाऊन आले, उतरले आणि वही मागितली. तारीख घातली, ‘एकटा’ लिहिलं, पुढे ‘नाही’ लिहिलं. तुटका तुकडा मी वर्तमानपत्रात गुंडाळून दिला, तो त्यांनी डिकीत नाही, खिशात ठेवला.

पाचशे किलोमीटरनंतर बोल्ट तपासायला या, असं सांगितलं होतं. ते चारशे ऐंशीलाच आले, दिवाळी करून, कोल्हापूरहून परस्पर. पाना लावून पाहिला, एकही बोल्ट हलला नाही. टेप लावला. नव्या स्प्रिंगा बसल्या होत्या, दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटर.