व्हर्नच्या सागरी त्रयीचे पुनर्वाचन : नेमोच्या मागावर

फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नच्या सागरी त्रयीचे पुनर्वाचन या पावसाळ्यात कोल्हापुरात पुन्हा हाती घेतले असून, कॅप्टन ग्रँटच्या शोधाची पहिली कादंबरी, 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' आणि 'द मिस्टीरियस आयलंड'चे तीनपैकी दोन खंड वाचून झाले आहेत. शाळेच्या वयात भा. रा. भागवतांच्या रूपांतरांमुळे व्हर्नची गोडी लागली. या खेपेस मात्र असंक्षिप्त इंग्रजी भाषांतरे घेऊन एकच धागा धरला आहे. 'नॉटिलस' पाणबुडीचा कप्तान नेमो हा बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कर असल्याचा उलगडा तिसऱ्या कादंबरीत होतो. त्याचे बीज दुसरीत कितपत आहे?

सुरुवातीला फारसे काही हाती लागत नाही. मूळ कल्पनेतला नेमो रशियाविरुद्ध सूड घेणारा पोलिश होता आणि रशियातील विक्रीच्या काळजीने प्रकाशक हेत्झेलने त्याला हरकत घेतली, हे आपणांस ठाऊक आहेच. नेमोच्या खोलीत कोशुस्को, बोत्सारिस, ओ'कॉनेल, वॉशिंग्टन, मानिन, लिंकन आणि जॉन ब्राऊन या देशोदेशीच्या मुक्तिलढ्यांतील नेत्यांची चित्रे आहेत. भारतीय एकही नाही.

पण मग मन्नारच्या आखातातला प्रसंग येतो. पायांत दगड धरून तळाशी उतरणारा, हाताला येतील तेवढे शिंपले ओरबाडून पुन्हा वर जाणारा तो गरीब पाणबुड्या, त्याच्यावर झेपावणारा शार्क, हातात खंजीर घेऊन मध्ये पडलेला नेमो आणि शेवटी त्या माणसाच्या हातात ठेवलेली मोत्यांची पिशवी, हे सारे व्हर्नने अत्यंत संयमाने लिहिले आहे. त्यानंतर नॉटिलसवर अडकलेला, कथा सांगणारा प्राध्यापक आरोनाक्स याच्याशी बोलताना, हा माणूस पीडितांच्या देशाचा आहे आणि अखेरच्या श्वासापर्यंत मीही त्याच देशाचा राहीन, अशा अर्थाचे नेमो जे बोलतो, त्यावर डक्करची सगळी इमारत उभी राहू शकते, असे माझे ठाम मत झाले आहे.

कोल्हापूरकराला तर 1857च्या उठावात लढलेला डक्कर परका वाटण्याचे कारणच नाही. 31 जुलै 1857 रोजी इथल्या 27व्या पलटणीने बंड केले. पुढे राजबंधू चिमासाहेबांना कराचीत नजरकैदेत ठेवण्यात आले आणि 1869 साली तिथेच त्यांचे निधन झाले. नॉटिलसची कथा फ्रान्समध्ये क्रमशः छापली जाऊ लागली, तेही हेच वर्ष.

कालगणनेचा घोळ मात्र मिटत नाही. आरोनाक्स नॉटिलसवर येतो 1867च्या नोव्हेंबरात, आणि तिसऱ्या कादंबरीत 1865पासून लिंकन बेटावर राहणाऱ्यांना गुप्तपणे मदत करणारा नेमो मात्र त्या साऱ्या प्रवासानंतरचा, थकलेला आणि एकटा आहे. मला ही विसंगती क्षम्य वाटते, कारण व्यक्तिरेखा दोन्हीकडे एकच राहते.

नव्याने वाचणाऱ्यांनी 1870च्या दशकातील इंग्रजी भाषांतरे टाळावीत. त्यांत दुसऱ्या कादंबरीचा बराच मजकूर गाळला आहे आणि तिसरीत नेमोचे ब्रिटिशांविरुद्धचे बोल बदललेले आहेत. तिसऱ्या खंडातले डक्करच्या आत्मकथनाचे प्रकरण जुन्या व नव्या भाषांतरांत ओळीगणिक ताडून पाहणे, हे आता पुढचे काम आहे. भागवतांनी ते मराठीत कसे हाताळले, हे पाहण्यासाठी त्यांचे रूपांतर करवीर नगर वाचन मंदिरात शोधणार आहे.