फोटो बदलला, भाव मात्र जुनाच

बुधवार, रात्री

काटोलच्या संत्रीवाल्या भाऊंची वेबसाइट मी बघते; तिच्यावरचं दरपत्रक आज एकदाचं सगळ्यांना सारखं दिसायला लागलं. अंबिया बहाराची तोड जोरात आहे, कळमन्याच्या बाजारात रोज भाव हलतोय, आणि नागपुरात घरपोच पेट्या पोचवताना भाऊ वेबसाइटवर लिहिलेला भाव घेतात. हा भाव एका चित्रात असतो: वर संत्र्यांचा फोटो, खाली लहान, मध्यम आणि मोठ्या फळाच्या पेटीची किंमत. भाव बदलला की वहिनी पुतण्याकडून नवं चित्र करून घेतात आणि जुन्याच नावाने जुन्या फाइलवर चढवतात. या वेळी पेटीमागे दीडशे रुपये वाढले. खामल्याच्या एका बाईंनी जुना भाव बघून पेट्या मागवल्या, माल दारात आल्यावर बोलाचाली झाली, आणि बाईंनी आपला फोनच पुढे केला. त्यात जुना भाव ठळक दिसत होता.

"काहून जी ताई, आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर नवा भाव दिसते अन् त्या बाईच्या मोबाइलात जुनाच कसा?" भाऊ फोनवर विचारत होते. आवाजात राग नव्हता, शरमल्यासारखा होता. गिऱ्हाइकाला आपण फसवलं असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. बाईंकडून त्यांनी जुन्या भावानेच पैसे घेतले. मला ते अगदी योग्य वाटलं. पाटीवर जो भाव दिसला तो दुकानदाराने पाळायचा, मग पाटी लाकडाची असो की मोबाइलमधली.

होस्टिंगवाल्यांनी, म्हणजे ज्यांच्या कॉम्प्युटरवर (सर्व्हरवर) साइट ठेवलेली आहे त्यांनी, वहिनींना उत्तर दिलं होतं की ग्राहकाला ब्राउझरची कॅश, म्हणजे फोनने जवळ साठवलेल्या प्रती, साफ करायला सांगा. हे उत्तर ऐकलं की माझं डोकं फिरतं. संत्री मागवणाऱ्या बाईंनी फोनच्या सेटिंगमध्ये शिरून काय काय पुसायचं? आणि का म्हणून? त्यांच्या फोनने तर सर्व्हरचं म्हणणं तंतोतंत ऐकलं होतं. सर्व्हर प्रत्येक चित्रासोबत एक ओळ पाठवत होता: कॅश-कंट्रोल, मॅक्स-एज=२५९२०००. हा आकडा सेकंदांचा आहे, म्हणजे ३० दिवस. हे चित्र जवळ ठेव आणि महिनाभर मला विचारायला येऊ नकोस, असा त्याचा सरळ अर्थ. फोन विचारायला आला नाही.

"रिफ्रेश करून बघा" हा सल्लाही तसाच पोकळ. क्रोमने २०१७ च्या सुरुवातीलाच जाहीर केलं होतं की साध्या रिफ्रेशला फक्त मुख्य पान सर्व्हरकडे तपासलं जाईल. पानातल्या चित्रांची मुदत शिल्लक असेल तर ती जवळच्या साठ्यातूनच दाखवली जातात. वहिनी कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि एफ५ दाबतात, तेव्हा सगळं नव्याने येतं, आणि त्यांना वाटतं की जगालाही तेच दिसतंय. मोबाइलवर ती कळच नाही.

इथवरचं कोडं ओळखीचं होतं. दुपारी मात्र मी आईचा फोन हातात घेतला. त्यावर ही साइट कधीच उघडलेली नव्हती, म्हणजे जुनं चित्र त्यात साठलेलं असणं शक्यच नाही. तरी जुना भाव! मधल्या सीडीएनवर, म्हणजे सर्व्हरच्या वतीने फाइलींच्या प्रती ठेवून वाटणाऱ्या जाळ्यावर, संशय गेला, कारण तिथे शहराशहरात वेगळ्या प्रती ठेवलेल्या असतात आणि एका ठिकाणची ताजी झाली म्हणून दुसरीकडची होईलच असं नाही. त्या चित्राची प्रत सीडीएनवरून काढून टाकली. पुन्हा उघडलं. जुनाच भाव.

मग चित्राचा पूर्ण पत्ता अक्षर अक्षर वाचला आणि उलगडा झाला. फाइलच्या नावाच्या शेपटीला ७६८ आणि १०८६ हे आकडे लागलेले होते. आईचा फोन मूळ फाइल मागतच नव्हता. भाऊंची साइट वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे, आणि आपण एक फोटो चढवला की वर्डप्रेस त्याच्या लहान-मोठ्या प्रती स्वतःच करून ठेवतं: १५० ची चौकोनी, मग ३००, ७६८, १०२४, आणि मूळ फोटो खूप मोठा असेल तर त्याहून रुंदही. २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या ४.४ आवृत्तीपासून पानात या प्रतींची यादीच जाते आणि ब्राउझर आपल्या पडद्याला पुरेल ती उचलतो. वहिनी फाइल मॅनेजरमधून थेट मूळ फाइलवर नवी फाइल टाकत होत्या. वर्डप्रेसला याचा पत्ताच नाही, त्यामुळे बाकीच्या प्रती जुन्या भावाच्याच राहिल्या. कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्याला मूळ चित्र मिळे, म्हणून भाऊंना नवं दिसे. लहान पडद्याचे फोन मधली प्रत उचलत, आणि गिऱ्हाईक तर जवळजवळ सगळं मोबाइलवरच. म्हणजे बाईंनी खरोखरच कॅश साफ केली असती, तरी कदाचित जुनाच भाव दिसला असता. सापडल्यावर मी खुर्चीतून उठून आईला सांगायला गेले. तिला कळलं किती ते माहीत नाही, पण खूश झाली.

प्रती नव्याने करून घेण्याची सोय आहे. एका आज्ञेचं काम. पण त्या नव्या प्रतींची नावं जुन्याच प्रतींची असतात. ज्यांच्या फोनमध्ये मागच्या आठवड्यातली ७६८ वाली पडून आहे, त्यांचा महिना अजून संपायचाय. मुदतीची ओळ आज बदलून शून्य केली तरी त्या फोनना ती कळणार कशी? ते तर महिनाभर विचारायलाच येणार नाहीत. चौकात वाटलेली हँडबिलं घरोघर जाऊन परत गोळा करता येत नाहीत, तसंच हे. म्हणून नवं चित्र नव्या नावानेच गेलं पाहिजे. नाव नवं असलं की तो पत्ता कुठल्याच फोनने आधी पाहिलेला नसतो, सीडीएननेही नाही, आणि वर्डप्रेसच्या मीडिया लायब्ररीतून चढवलं की सगळ्या मापांच्या प्रतीही नव्या नावाने तयार होतात. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकून आवृत्तीचा आकडा लावायची पद्धतही आहे आणि बहुतेक वेळा ती चालते. पण काही सीडीएन प्रश्नचिन्हापुढचं वाचायचंच नाही अशा सेटिंगवर असतात, म्हणून माझा भरवसा नावावर.

नाव बदललं की पानातला पत्ता बदलतो, आणि ते पान तरी ताजं पोचायला हवं. पानाला आज नो-कॅश लावलं. त्यात प्रत जवळ ठेवायला मुभा असते, फक्त वापरण्याआधी दर वेळी विचारायचं. पान बदललेलं नसेल तर सर्व्हर ३०४ एवढंच सांगतो आणि पूर्ण पान पुन्हा पाठवत नाही. चित्रांची मुदत मी उलट वाढवली, ३० दिवसांची वर्षभर केली. भाऊ आधी बिचकले. पण एका नावाचं चित्र आता कधीच बदलणार नाही, मग ते फोनने वर्षभर खुशाल ठेवावं. बागेत रेंज असून नसल्यासारखी असते, तिथे साठवलेल्या फोटोंमुळेच साइट पटकन उघडते. कॅशशी माझं मुळीच भांडण नाही. ती नसती तर काटोल रोडवरच्या गावांमध्ये अर्धं इंटरनेट चाललंच नसतं.

संध्याकाळी महालातल्या साडीच्या दुकानाची साइटही तपासली. तिथे मुदतीची ओळच नाही. ओळ नाही म्हणजे कॅश नाही, असं बरेच जण धरून चालतात. तसं नसतं. सर्व्हरने काही सांगितलं नाही तर ब्राउझरला अंदाज बांधायची परवानगी आहे, आणि फाइल शेवटची बदलून जितका काळ झाला त्याच्या १० टक्के हा नेहमीचा अंदाज. साडीचा फोटो दहा महिन्यांपूर्वीचा असेल तर तो महिनाभर विचारल्याशिवाय दाखवला जाऊ शकतो. फोटो जितका जुना तितका जास्त चिकटतो. त्या दुकानाला उद्याच कळवायचं आहे.

भाऊंशी खरा वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवर. माझं म्हणणं, भाव चित्रात नकोच. चित्रातले आकडे मोबाइलवर बारीक दिसतात, वाढवायला बोटं ताणावी लागतात. ज्यांना दिसत नाही आणि जे फोनकडून पान वाचून घेतात, त्यांना तो भाव ऐकूच येत नाही. शिवाय एवढासा आकडा बदलायला पुतण्या मोकळा असावा लागतो. भाऊंना मात्र ते पत्रक आवडतं, फोटोतला बगिचा त्यांचा आहे, आणि ती हौस मला समजते. शेवटी फोटो वर तसाच ठेवला आणि भाव त्याच्याखाली साध्या अक्षरांत आले. रात्री वहिनींनी मोबाइलवरूनच मध्यम फळाचा भाव स्वतः बदलून पाहिला. आईच्या फोनवर लगेच दिसला.

राहिलं ते व्हॉट्सॲप. साइटची लिंक पाठवताना जे छोटं चित्र सोबत जातं ते पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये तयार होऊन संदेशासोबतच निघतं, त्यामुळे सोसायट्यांच्या ग्रुपवर गेलेल्या जुन्या संदेशांत जुनं पत्रक तसंच राहणार. सर्व्हरवर काहीही केलं तरी ते बदलत नाही. वहिनी उद्या सकाळी प्रत्येक ग्रुपवर नवा संदेश टाकणार आहेत, भाव अक्षरांत लिहून. सोबत हेही की जुनं पत्रक बघून ज्यांनी आधीच मागणी नोंदवली आहे त्यांना जुनाच भाव लागेल. ती ओळ भाऊंनी स्वतः सांगितली.