आरव्हीच्या कमोडमध्ये पाणी टिकत नाही? सील मागवायच्या आधी हे बघा

आरव्हीवाल्या, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी घेऊन फिरणाऱ्या लोकांशी गप्पा मारताना दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक म्हणजे कमोडमध्ये पाणी टिकत नाही, सकाळी बघावं तर भांडं कोरडं, आणि दुसरी म्हणजे आत फार वास येतो हो. पहिलीवर उपाय काय तर वापरायच्या आधी परत थोडं पाणी सोडायचं, आणि दुसरीवर टाकीत ओतायच्या सुगंधी केमिकलच्या बाटल्या. अहो पण दुखणं एकच आहे ना!

घरच्या कमोडला खाली वळणाचा पाइप असतो, त्या वळणात पाणी अडून राहतं आणि वास वर येत नाही. आरव्हीच्या साध्या कमोडला ते वळणच नसतं, भांडं, त्याखाली सरळ तीन इंची पाइप आणि त्याखाली थेट ब्लॅक टँक, म्हणजे मैला साठवायची टाकी. मधे फक्त एक झडप, पेडल दाबलं की उघडणारी, काही मॉडेलमध्ये अर्ध्या गोळ्यासारखी तर काहींत सरकणारी सपाट पट्टी. तिच्याभोवती रबरी सील आणि वर थोडंसं पाणी, एवढाच काय तो बंदोबस्त. त्यामुळे ते पाणी खाली झिरपून गेलं की टाकीतली हवा मोकळी, आणि वर छतावरचा एक्झॉस्ट फॅन चालू असेल नि खिडक्या सगळ्या बंद असतील तर विचारूच नका, फॅनला बाहेर फेकायला हवा कुठून तरी पाहिजे, तो ती टाकीतून ओढतो. वास घालवायला फॅन लावला आणि वास वाढला असं होतं ते याच्यामुळे.

तर आधी पाणी नक्की जातंय कुठे ते ठरवा. गाडी सपाट जागी उभी करून रात्री भांड्यात पाणी भरा, त्यात खायचा रंग टाका, पातळीला टेपचा तुकडा चिकटवा आणि झोपा. सकाळी पातळी उतरलीय आणि फरशी कोरडी आहे म्हणजे पाणी सीलमधून टाकीत जातंय. फरशी ओली असेल तर ते वेगळं प्रकरण, त्यावर खाली येतो.

सीलमधून जात असेल तर लगेच नवीन सील मागवायला धावू नका. माझं मत असं की सील खराब असण्यापेक्षा सीलच्या खाली कचरा अडकलेला असण्याची शक्यता जास्त, आणि साफ करायला पैसे लागत नाहीत, मग आधी तेच का करू नये. झडप जिथे बंद होऊन सीलच्या खाचेत बसते तिथे कागदाचे बारीक तुकडे आणि क्षाराचा थर जमतो, पट्टीवाल्यात तर जास्तच, कारण पट्टी सरकताना कचरा पुढे ढकलत नेते आणि खाचेच्या टोकाला दाबून ठेवते. वरून बघितलं तर सगळं चकाचक दिसतं, घाण सीलच्या खालच्या अंगाला असते!

ब्लॅक टँक रिकामी करून धुऊन घ्या, पंप बंद, बाहेरून पाण्याचा होज जोडलेला असेल तर तोही बंद, आणि पेडल एकदा दाबून लाइनमधलं प्रेशर काढून टाका. रबरी हातमोजे घाला (हे सांगायची गरज नाही पण सांगतो). मग कोणाला तरी पेडल धरून झडप उघडी ठेवायला सांगा आणि जुना टूथब्रश वाकवून सीलच्या खालून सगळीकडे फिरवा. क्षार कडक झाला असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी तिथे थोडा वेळ दाबून ठेवायची आणि मग घासायचं. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, रबराला एक ओरखडा गेला की नवीन गळती सुरू. ब्लीचवाले क्लीनर पण नकोत, रबर त्याने लवकर वाळतं.

साफ झालं की पुसून कोरडं करा आणि सीलला सिलिकॉन ग्रीस लावा, पातळ हात. व्हॅसलीन किंवा इंजिन ऑइल अजिबात नाही, पेट्रोलियमचा माल लागला की रबर फुगतं, मऊ पडतं. परत रंगाच्या पाण्याची टेस्ट.

एवढं करूनही पातळी उतरत असेल, किंवा हात फिरवल्यावर सील कडक, चिरलेलं, चपटं झालेलं लागत असेल, तर मग बदला. मॉडेल नंबर बघून त्याचंच सील घ्या, दिसायला सारखं आहे म्हणून दुसरं बसवू नका. डोमेटिक कंपनीच्या ३०० आणि ३१० सारख्या मॉडेलमध्ये झडप उघडी धरून जुनं सील वरूनच ओढून काढता येतं आणि नवीन वरूनच दाबून बसवता येतं, कमोड हलवावा लागत नाही. फक्त सीलची वरची बाजू कुठली ते बघा, उलटं बसलं तर सगळी मेहनत वाया. बऱ्याच बाकीच्या मॉडेलमध्ये कमोड फरशीवरून उचलावाच लागतो, पाण्याची लाइन सोडायची, तळाचे दोन नट काढायचे आणि सरळ वर उचलायचा. उचललाच आहे तर खालचं फ्लँजचं (कमोड ज्या कड्यावर फरशीला आणि पाइपला जोडलेला असतो ते) सील पण नवीन टाका, जुनं दबून गेलेलं असतं. परत बसवताना दोन्ही नट आलटून पालटून थोडे थोडे आवळा, एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी असं केलं तर कमोड तिरका बसतो, आणि सिरॅमिकचा असेल तर तडकतोसुद्धा.

आता ओली फरशी. तिथे तो रंग कामाला येतो. फरशीवरचं पाणी रंगीत असेल तर ते भांड्यातून आलंय, म्हणजे भांडं आणि तळ यांच्या जोडातून किंवा फ्लँजमधून. स्वच्छ असेल तर पाण्याच्या लाइनच्या बाजूने, तेव्हा मागे टॉर्च मारून बघा. फक्त फ्लश करतानाच थेंब पडत असतील तर व्हॅक्यूम ब्रेकरवर संशय घ्यायचा, म्हणजे मागच्या बाजूला वर असतो तो छोटा प्लॅस्टिकचा भाग, कमोडातलं पाणी उलटं पिण्याच्या लाइनमध्ये जाऊ नये म्हणून दिलेला. पंप चालू असेपर्यंत सतत टिपटिप असेल तर लाइनचा जोड हाताने थोडा आवळून बघा, आणि तरी थांबलं नाही तर पाण्याचा वॉल्व्ह. थंडीत गाडी उभी होती आणि लाइनमधलं पाणी काढलं नव्हतं तर बहुतेक तोच, आत पाणी गोठून प्लॅस्टिक चिरलेलं असतं. त्याला एम-सील वगैरे फासत बसू नका, प्रेशरखाली टिकत नाही, वॉल्व्ह सरळ बदलायचा.