डावी पोटरी

मंगळवार, महालक्ष्म्यांचं विसर्जन

मुखवटे मऊ फडक्यानं पुसून डब्यात ठेवले. कोठ्यांतला गहू पोत्यात गेला, साड्यांच्या घड्या झाल्या. अनुराधा नक्षत्रावर आल्या, ज्येष्ठेला जेवल्या, मुळावर निघाल्या. या तीन दिवसांत मी खाली कितीदा टेकले ते बोटावर मोजता येईल. सोळा भाज्या, पुरण, आंबील, आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायकांचं हळदीकुंकू.

संध्याकाळी ओट्याशी उभी असताना डाव्या पोटरीत गोळा आला. पाय झटकला, टाच दाबून उभी राहिले. एरवी गोळा येतो आणि जातो. हा आत कुठंतरी ठाण मांडून बसला. उभं राहून राहून आला असेल म्हटलं, नि भांडी घासायला घेतली.

पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आज बंद केल्या. यंदा तारीख नेमकी गणपती बसायच्या दिवशी येत होती. तो पुण्याला भावाकडं, त्याच्यामागं आमच्या महालक्ष्म्या. म्हणून दहा दिवस, दिवसाला तीन. मेडिकलवाल्याला नाव सांगितलं की पाकीट कागदात गुंडाळून मिळतं, चिठ्ठी कुणी मागत नाही. दर दोनतीन वर्षांनी हे असंच चालतं.

बुधवार

पायऱ्या चढताना कमी, उतरताना जास्त दुखतंय. सातवीच्या वर्गात उभं राहवेना, खुर्चीवर बसून शिकवलं. पोरांना नवल.

अंघोळ करताना एक गोष्ट ध्यानात आली. उजव्या पायाची जोडवी बोटात सहज फिरतात, डाव्याची फिरंनात. साबण लावून पाहिलं, तरी तसूभर हलेनात. चपलेचा पट्टाही डाव्या पायाला एक भोक पुढं घ्यावा लागला. दोन्ही पाय तीन दिवस सारखेच उभे होते, मग सूज एकाच पायाला का, हा प्रश्न मला तिथंच पडायला हवा होता. पडला नाही. पडला असता तरी विचारणार कुणाला?

गुरुवार

आज पाय सगळ्या घराचा झाला. ज्यानं पाहिला त्यानं नाव ठेवलं. सासूबाई म्हणाल्या शीर चढली. हे म्हणाले मीठ कमी कर. शाळेतल्या मॅडम म्हणाल्या बी-ट्वेल्व्ह तपासा, हल्ली सगळ्यांचं तेच निघायलंय. शेजारच्या वैनींनी आवाज खाली आणून विचारलं, "हत्तीरोगाचं तर नसेल ना हो? रात्री रक्त घ्यायला आले होते तवा तुम्ही दिलं का?" आमच्या भागात सुजलेला पाय म्हटलं की माणसाला आधी तेच आठवतं, त्यांचाही दोष नाही.

दुपारी गावातल्या एका दवाखान्यात जाऊन आले. स्नायू आखडलाय म्हणाले, दुखण्याची गोळी आणि मलम दिलं. प्रवास केला का, कुठल्या गोळ्या चालू आहेत का, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पाळीच्या गोळ्या म्हणजे औषध, हे डोक्यातच नव्हतं. औषध बीपीचं असतं, शुगरचं असतं. ह्या गोळ्या सणाच्या सामानात जमा, नारळ-खारकांबरोबर आणलेल्या.

रात्री सासूबाई तेलाची वाटी कोमट करून घेऊन आल्या. "दे इकडं पाय. पिंढऱ्या धरल्यात नुसत्या." ७४ वर्षांची बाई सुनेचा पाय मांडीवर घेऊन बसली, मला नाही म्हणवेना. निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून शेकही झाला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. घटकाभरानं पुन्हा तेच. शिवाय हात लावला तर डावी पोटरी उजवीपेक्षा गरम. शेकल्यामुळं असेल म्हणून झोपले. पाळीही रात्रीच आली.

शुक्रवार

(हे रविवारी आठवून लिहितेय. शुक्रवारी वही उघडायला वेळच मिळाला नाही.)

संध्याकाळी पाचला बहिणीच्या लेकीचा फोन आला. ती लातूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. महालक्ष्म्यांचं पुरण उरलंय का म्हणून विचारायला केलेला फोन. मी सहज म्हटलं, बाई, पुरण आहे पण माझा पाय धड नाही. फोनवरचा तिचा आवाजच बदलला.

"मावशी, दोन्ही पाय की एक?"

"एकच. डावा."

"घरात टेप आहे का, शिवणाची?"

ब्लाउज बेतायची पिवळी टेप मशीनच्या खणात असते. तिनं सांगितलं तसं पलंगावर पाय सरळ करून बसले. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाचा एक उंचवटा लागतो. तिथून दहा सेंटिमीटर खाली पेनानं खूण केली. दोन्ही पायांवर, हो, अंदाजानं नाही. मग खुणेवरून टेप गुंडाळली. उजवी ३३.८. डावी ३७.५. पुन्हा मोजली. ३७.५.

गणित मीच शिकवते. वजाबाकी करायला वेळ लागला नाही.

"तीन सेंटिमीटरच्या वर फरक म्हणजे आम्ही गंमत समजत नाही," ती म्हणाली. मग एकामागून एक विचारत गेली. एवढ्यात लांबचा प्रवास? पुण्याहून ट्रॅव्हल्सनं, मागच्या शुक्रवारी, आठ तास. मधे उतरलीस? नाही. जेवायला गाडी थांबते तिथलं बाथरूम पाहिलं की उतरू वाटत नाही, म्हणून पाणीही पीत नाही मी. पायाखाली बॅग, गुडघे दुमडलेले, तशीच झोपले. काही ऑपरेशन, प्लास्टर? नाही. आणि मग, "गोळ्या घेतल्यास का गं, पाळीच्या?"

आजवर ते मला कुणी विचारलं नव्हतं.

त्या गोळ्यांनी रक्त गोठण्याकडं झुकतं, ती म्हणाली. सगळ्यांचंच गोठतं असं नाही, हजारो जणी घेतात नि काही होत नाही. पण गोळ्या, वर आठ तासांचा प्रवास, वर एकाच पायाची सूज, हे तिन्ही एका बाईत आले की घरी बसून ओळखायचं नसतं. पोटरीच्या आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गाठ असू शकते. नसेलही. स्नायू फाटला तरी असंच दिसतं, कातडीखाली जंतू गेले तरी, गुडघ्यामागं पाण्याची गाठ फुटली तरी. बाहेरून बघून डॉक्टरलाही सांगता येत नाही, म्हणून तर डॉपलर, म्हणजे शिरांतलं रक्त बघायची सोनोग्राफी.

"मालिश केलीस का?" मी गप्प. "आता कुणाला हात लावू देऊ नको. शेक नाही, पट्टी आवळायची नाही. आणि ऐक. एकदम दम लागला, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त आलं, नाहीतर चक्कर येऊन पडलीस, तर मला फोन करत बसू नको. १०८ लाव. गाठीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला की तसं होतं."

हे म्हणाले, सकाळी जाऊ, रात्री कोण भेटणार. मीही तयारच होते सकाळवर. खरं तर पायापेक्षा पाळीचा त्रास जास्त होता, नि औश्याहून लातूर म्हणजे वीस किलोमीटर, त्यात काय. पण उद्या अनंत चतुर्दशी. लातुरात मिरवणुका, रस्ते बंद, सोनोग्राफीवालेही लवकर शटर ओढणार. भाचीनं तेच म्हटलं, "मावशी, उद्या दुपारनंतर तुला गंजगोलाईसुद्धा ओलांडता यायची नाही." लातूरचा मधला बाजारचौक तो. त्या वाक्यानं ह्यांनी गाडीची चावी घेतली. छातीत टोचेल ह्या बोलण्यानं नव्हे, गंजगोलाईनं.

निघताना सासूबाई दारात. हातात कालचीच वाटी, पुन्हा कोमट केलेली. मी म्हटलं, "आई, चोळायचं नाही म्हणायलेत." त्यांनी वाटी पदराआड घेतली. ते पाहून पायापेक्षा दुसरीकडंच कुठंतरी दुखलं.

दवाखान्यात डॉपलरच्या खोलीत जेल गार. जांघेपासून खाली यंत्र सरकवत डॉक्टर दर बोटभर अंतरावर दाबत होते. स्क्रीन माझ्याकडं वळवा म्हटलं, त्यांनी वळवली. एकेक काळा गोल दिसतो, ती शीर. वरून दाबलं की गोल मिटतो, पापणी मिटावी तसा. सोडलं की उघडतो. मिटला, उघडला, मिटला, उघडला. मांडीभर सगळे गोल मिटत गेले. गुडघ्याच्या मागं आल्यावर एक मिटला नाही. पुन्हा दाबलं, जोर लावून. शेजारची रोहिणी, हृदयाकडून रक्त आणणारी नळी, धडधडत होती आणि हा गोल तसाच, डोळा वटारल्यासारखा. आत करडं काहीतरी. डॉक्टर काही बोलले नाहीत, मला कळलं.

गणिताबरोबर विज्ञानही माझ्याकडंच. बावीस वर्षं मी फळ्यावर निळ्या खडूनं नीला, म्हणजे ह्याच शिरा, काढतेय. पायातलं रक्त वर चढवायला पोटरीचा स्नायू पंपासारखा दाबतो, झडपा ते खाली येऊ देत नाहीत. माझ्या वर्गातलं कुठलंही पोर सांगेल. पोटरी आठ तास हललीच नाही तर पंप कोण मारणार, हा पुढचा प्रश्न त्या बावीस वर्षांत ना पोरांनी विचारला, ना मला सुचला.

शनिवार, अनंत चतुर्दशी

वॉर्डात. बाहेर ढोल. पोटात, बेंबीच्या बाजूला, कातडीखाली इंजेक्शन. रक्त पातळ करायचं म्हणतात, पण डॉक्टरांनी दुरुस्त केलं. पातळ होत नाही, गोठणं थांबवतो. असलेली गाठ शरीर आपली आपण हळूहळू विरघळवतं, औषध तिला वाढू देत नाही नि नवी होऊ देत नाही. नंतर गोळ्या, निदान तीन महिने.

डावाच पाय का, हेही विचारलं. शिक्षिकेची खोड. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. पोटात डाव्या पायाकडून येणाऱ्या शिरेवरून उजव्या पायाची रोहिणी आडवी जाते, तिचा दाब पडतो, म्हणून डावीकडं जरा जास्त दिसतं. रक्ताची डी-डायमर नावाची तपासणी असते, ती नॉर्मल आली नि संशय कमी असला तर गाठ नाही म्हणता येतं. माझ्या बाबतीत संशयच इतका होता की थेट डॉपलर केला.

एक त्यांना आपणहून सांगितलं, लाज गिळून. पाळी चालू आहे नि अंगावरून फार जातंय. बरं झालं सांगितलंत म्हणाले, या औषधात ते वाढतं, लगेच हिमोग्लोबिन पाहिलं. दहा दिवस अडवून धरलेली पाळी, आणि आता रक्त गोठू न देणारं औषध. हसावं की रडावं कळंना. गुरुवारची दुखण्याची गोळीही दाखवली. ती बंद, या औषधाबरोबर चालत नाही, रक्तस्राव होतो. हिरड्यांतून रक्त, काळी शौच, डोक्याला मार, यांतलं काही झालं तर घरी थांबायचं नाही. दात काढायचा झाला तरी आधी सांगायचं.

मंगळवार, घरी

चालायला सांगितलंय. मला वाटलं होतं पलंगावरून उतरूच नये, गाठ हलेल. नाही म्हणाले, औषध सुरू झालंय, चाला.

सासूबाई दोन दिवस पायाकडं बघत नव्हत्या. आज मी चहा घेऊन त्यांच्याजवळ बसले. त्याच म्हणाल्या, "माझ्या चोळण्यानं झालं का गं?" नाही हो आई, गाठ आधीचीच. चोळायचं नसतं ते खरं, पण झाली तुमच्यामुळं नाही. बराच वेळ कप तसाच हातात.

"त्या गोळ्या घेते म्हणून मला कधी सांगितलंस?"

नव्हतं सांगितलं. वीस वर्षांत त्यांनीही कधी गोळ्या घे म्हटलं नव्हतं. अडचण आली तर काय करायचं, यावर आमच्या घरात कधी बोलणंच झालं नाही. मी तारीख मोजायची, मेडिकलला जायचं, पुरण शिजवायचं. त्यांना वाटायचं, सुनेचं नशीब चांगलं, महालक्ष्म्यांत कधी आडवं येत नाही.

"धाकटी सून होती की पूजेला," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी होते." पुढं काही बोलल्या नाहीत, मीही नाही. पुढल्या वर्षीचं पुढल्या वर्षी बघू. डॉक्टरांनी मात्र त्या गोळ्या मला कायमच्या बंद केल्यात, नि कुठल्याही नव्या दवाखान्यात गेलं की ही गाठ आधी सांगायची असं बजावलंय.

बुधवार, १७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. हेडमास्तरांनी खुर्ची ठेवली होती, बसले नाही. उभंही राहिले नाही, पोरांच्या रांगांमागून येरझाऱ्या घातल्या. भाषण लांबलं, १९४८ वरून रझाकारांवर, रझाकारांवरून पाणीटंचाईवर. सातवीतला एक विचारतो, मॅडम, तुमी सारकं फिरायलाव कामून? पंप मारायलेय म्हटलं. हसला, कळलं नसणार. उद्या तासाला घेते त्याला.

टाचणवहीच्या मागच्या पानावर आकडे लिहिते रोज, सकाळी उठल्याबरोबर, त्याच खुणेवर. खूण अंघोळीनं पुसते, म्हणून टेपवर दहाच्या आकड्याला लाल दोरा बांधलाय. जोडवी डाव्या बोटात अजून अडतात, पण साबण लावला की फिरतात.

आज डावी ३५.४. उजवी ३३.९.